मूठभर पांढरं

भवानी पेठेत बिऱ्हाड केलं त्याच संध्याकाळी शेजारचे दत्तोपंत मास्तर कुंपणाशी आले आणि नाव-गाव न विचारता म्हणाले, "मूठ वळा बघू."

मी घाबरलो. रेल्वेतला साधा कारकून मी, मारामारीची सवय नाही. तरी मूठ वळली. मास्तरांनी ती चारी बाजूंनी न्याहाळली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. "देवानंच पाठवलं तुम्हाला. पुरुषाचा इतका लहान हात असतो कुठं?"

माझे हात लहान आहेत हे मला ठाऊक होतं. पण त्यासाठी कुणी देवाचे आभार मानील असं वाटलं नव्हतं.

मास्तर जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले. परसात वांग्यांचे आठ वाफे. माळशिरसला ऊस लावणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं त्यांना विलायती खताची पिशवी आणून दिली होती, मिठासारखं पांढरंशुभ्र. देताना बजावलं होतं, "मास्तर, लई जहाल हाय ह्ये. शेणखताबिगर घालू नका की!" मास्तरांनी लगेच त्याचं सूत्र करून टाकलं. "शेणखत म्हणजे भाकरी, पांढरं म्हणजे चटणी. नुसत्या चटणीनं पोट भरतं का? आणि कोरडी भाकरी घशाखाली उतरते का?" दारावर येईल त्याला हे ऐकावं लागे. पोस्टमन तर पत्र कुंपणावरून टाकून पळायचा.

प्रमाण मात्र त्यांच्या पत्नीनं बसवलेलं. वाफ्याला दोन पाट्या कुजलेलं शेणखत आणि त्यात तिच्या हातची एक मूठ पांढरं. गेल्या वर्षी ती वारली. मागून मास्तरांनी आपल्या मुठीनं घातलं. त्यांचा पंजा हा एवढा! चार दिवसांत पानं करपली, आठही वाफे बसले. पाऊण मूठ घालावी म्हणावं, तर पाऊण मूठ वळायची कशी, हे गणित त्यांनाही सुटेना. तिनं धरलेलं उरलंसुरलं बी यंदा लावलं होतं. तेही जळलं तर तिची वांगी कायमची संपली. म्हणून मास्तर पेठभर लोकांच्या मुठी बघत हिंडत होते.

दर रविवारी मला बोलावणं येई. वाफा मात्र एकच. "आठही उरकून टाकू की," मी म्हणे. "छे! घाई केली की झाड बावचळतं." मला उकिडवं बसवून ते बुंध्यापासून वीतभर अंतरावर आळं करत, शेणखताची पाटी पुढं ओढत आणि मग म्हणत, "हं, टाका." मूठ सैल पडली तर, "नीट वळा, लाजताय काय!" नंतर चहा आणि काकूंच्या गोष्टी. सुट्टीची सगळी सकाळ त्यात जाई आणि मी मनातल्या मनात चरफडे.

वांगी धरली. जांभळी, काटेरी देठाची. पहिलं वांगं मास्तरांनी बियांसाठी झाडावरच राखलं. आणि माझी कुर्डुवाडीला बदली झाली.

शेवटच्या रविवारी मी सोनाराकडून तराजू मागून आणला. "मास्तर, माझी मूठ तोलून ठेवू. म्हणजे तुमचं अडायला नको."

"तोललीय की. पहिल्याच रविवारी पिशवी आधी तोलली, आणि तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा पुन्हा. सात तोळे."

"मग इतके रविवार मला कशाला उकिडवं बसवलंत?" मी जरा चिडूनच विचारलं.

मास्तर पाटीतली ढेकळं उगीच फोडत राहिले. "ती मूठ भरून बसायची, मी आळं करायचो. मी ‘टाक’ म्हटल्याशिवाय टाकायची नाही. तराजूला काय ‘टाक’ म्हणू?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. तराजू बाजूला ठेवून मी मूठ भरली आणि वाट बघत बसलो. मास्तर आळं नीट करत राहिले, ‘टाका’ काही म्हणेनात. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "कुर्डुवाडीहून रविवारी सकाळची गाडी असते ना हो?"