भटू आणि पोलंडवाले

सुरतच्या गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत, कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी चार वाजता एक माणूस विहिरीच्या तळातून बोलायचा. गल्लीत विहीर नव्हती. तो माणूस समोरच्या चाळीत, वरच्या पत्र्याच्या खोलीत राहायचा आणि त्याचं नाव भटू होतं.

सुट्टीचा दिवस मुद्दाम सांगितला. एरवी मागच्या कारखान्यातले लूम, म्हणजे यंत्रमाग, चालू असले की आमच्या भिंती थरथरत असत. दारात उभी राहून शेजारीण काय सांगते तेही कळत नसे, आणि बरेचदा ते बरंच असे. आठवड्यातून एकदा यंत्रं थांबत आणि गल्लीवर अशी शांतता उतरे की कान भणभणू लागत. त्या शांततेत तो आवाज यायचा. खोल, खरखरीत, माणसाच्या गळ्यातून निघणं शक्य नाही असा. त्यात शब्द असावेत असं वाटे, पण एकही लागत नसे. आवाज सुरू झाला की खालची कुत्री उठून पर्वत पाटियाच्या नाक्याच्या दिशेने चालू लागत. मग मध्येच तो थांबे आणि त्याच खोलीत एक म्हातारा हसे. मला त्या हसण्याचीच जास्त भीती वाटायची.

म्हातारा म्हणजे भटूचे वडील, आबा. कडोदऱ्याला तीस वर्षं लूमवर काढून ते आता मुलाकडे आले होते आणि खोलीबाहेर पडत नसत. मुलाला काहीतरी धरलंय आणि त्याच्या पायी बिचारा म्हातारा भ्रमिष्ट झालाय, असं गल्लीने ठरवून टाकलं होतं. तळमजल्यावरच्या सुमनताईंनी तर अंगारा आणून ठेवला होता. फक्त तो लावायला वर कोणी जायचं, एवढंच ठरत नव्हतं.

प्रत्यक्षात भटूला पाहिलं की घोटाळा व्हायचा. अंगाने काडी, वय सत्तावीस-अठ्ठावीस, केस खांद्यापर्यंत, सुरतच्या उन्हात काळा शर्ट. लूम दुरुस्त करायचा. बोलायचा मात्र इतकं हळू की मला दोनदा विचारावं लागे. मी मराठी शाळेतली मास्तरीण, म्हणून रस्त्यात दिसले तर चप्पल काढून उभा राहायचा.

एकदा तो एक कॅसेट आणि झेरॉक्सचे चार कागद घेऊन माझ्याकडे आला. रिंगरोडच्या फुटपाथवर मिळाली म्हणाला. कॅसेटवर चुन्याने थोबाड रंगवलेल्या एका माणसाचा फोटो होता. कागद इंग्रजीत होते. मी वाचून सांगावं अशी विनंती. गायक पोलंडचा. त्याचं नाव मला आजतागायत उच्चारता आलेलं नाही. सगळी व्यंजनं एकत्र नांदत होती, स्वर औषधाला नव्हता. कोळशाच्या खाणीचं गाव, बाप खाणीत. आजी हाताला धरून चर्चमध्ये गायला न्यायची. सोळाव्या वर्षी त्याने घर सोडलं आणि शवपेटीत निजून स्टेजवर यायला लागला. धर्मगुरूंनी मोर्चे काढले, कार्यक्रम बंद पाडले, पोलिसांनी दोन दिवस कोठडीत ठेवलं. शेवटी बरोबरचे वाजवणारेही सोडून गेले. मी वाचत होते आणि भटू हात जोडून ऐकत होता. पोथी संपल्यासारखा उसासा टाकून म्हणाला, "पोलंडवाल्यांनी फार सोसलं, बाई."

त्या दिवसापासून पोलंडवाले आमच्यात राहायलाच आले. पोलंडवाले म्हणतात भिऊ नये. पोलंडवाल्यांची आई अजून त्यांच्याशी बोलत नाही. मग त्याने माझ्याकडून कागदांवरच्या पत्त्यावर पोलंडवाल्यांना पत्र लिहून घेतलं. एकच प्रश्न होता: तुमच्यासारखा हा खोल आवाज गळा न फाडता रोज तासभर कसा टिकवायचा? मी म्हटलं, टिकवायचा कशाला, सोडून दे. तो ओशाळं हसला आणि चप्पल घालून गेला.

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. शवपेटीत निजणाऱ्या त्या माणसाने अगदी माझ्या आजीच्या सुरात लिहिलं होतं: गरम पाणी प्यावं, गार वर्ज्य, झोप पुरेशी घ्यावी, जोर पोटातून लावावा. मला त्या माणसाची पहिल्यांदाच माया वाटली. भटूने मात्र सल्ला मनावर घेतला आणि आवाज आणखी खाली गेला.

तेवढ्यात सुमनताईंच्या नातवाला ताप आला. झालं. घरमालक छगनभाई माझ्या दारात येऊन उभे राहिले. "बेन, तमे कहो एने. पेली तारीखे रूम खाली करे." भटू माझं ऐकतो, म्हणून ही कामगिरी माझ्या गळ्यात. खरं सांगते, मलाही तो तिथून जायला हवा होता. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी वह्या तपासत असे, आणि त्या आवाजाने माझ्या हातावर काटा यायचा.

पुढच्या सुट्टीला चार वाजता मी जिना चढले. आवाज सुरू होता. दार लोटलेलंच होतं.

आबा खाटेवर बसले होते. भटू त्यांच्या पायाशी, एका हातात गरम पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात पोस्टकार्ड. त्या भयंकर आवाजात तो गावाकडच्या आत्याचं पत्र वाचत होता. इतक्या जवळून शब्द लागत होते. "फुईनी चिठ्ठी उनी, आबा. गाय यायनी. गोऱ्हा शे." गाय व्याली होती; आबांनी गोऱ्ह्याचा रंग विचारला, भटूने तो पाताळातून सांगितला, आणि आबा हसले.

मला पाहून भटू उठला. लूमने आबांचे कान गेले होते, त्याने हळू आवाजात सांगितलं. बारीक आवाज पोचतच नाही, ओरडलं तरी नाही. तीन वर्षं ते कोणाशी बोलले नव्हते. एकदा ती कॅसेट लावली आणि आबांनी मान वळवून विचारलं, कोण बोलतंय? "तेव्हापासून मी शिकतोय, बाई."

आबा माझ्याकडे बघत होते. मग भटूकडे बोट करून म्हणाले, "लोके नुसतं तोंड हालावतस. बोलस ते हाऊ एकलाच."

"तुमचं नाव सांगा त्यांना," भटू म्हणाला. "जाड आवाजात." मी तोंड उघडलं आणि आवाज निघेना. वीस वर्षं मुलांना मोठ्याने वाचा म्हणून दटावलं, आणि एका म्हाताऱ्याला स्वतःचं नाव सांगायची मला लाज वाटली. मी नमस्कार करून खाली आले.

खाली सगळे जमले होते. मी छगनभाईंना म्हटलं, मला जमत नाही, तुम्हीच सांगा. पण म्हाताऱ्याला ऐकू जाईल असं सांगा. ते तणतणत वर गेले. आधी त्यांचा नेहमीचा चढा आवाज आला, दोनदा. मग भटूचं पुटपुटणं. सुमनताईंनी अंगाऱ्याची पुडी घट्ट धरली.

आणि वरून एक नवाच आवाज आला. जाड, कापरा, मध्येच खोकणारा.

"काका... चा पीधी के?"

"गेला," सुमनताई म्हणाल्या. "मालकालाबी धरलं."

वर आबा म्हणत होते, "आजून नही, भाऊ. बस."