मारोतरावांचा धुतलेला झेंडा

पक्षाचे उमेदवार सदाशिवराव पुन्हा वामनरावांच्याच घरी चहाला गेले, हे कळल्यावर मारोतरावांच्या हातातला घास हातातच राहिला. राजूरमध्ये पक्षाच्या सतरंज्या अंथरण्यात आणि उचलण्यात त्यांची हयात गेली होती. पण निवडणूक आली की उमेदवार त्यांना गाडीतूनच हात दाखवायचा आणि पुढच्या गल्लीत वामनरावांच्या दारात उतरायचा. वामनराव आजवर कोणत्याच पक्षाचे झाले नव्हते, हीच त्यांची कमाई.

"मी इचारलं त म्हणते कसा, तुमचं मत त आपलंच हाये, कुंपणावरच्याईले आधी उतरवा लागते," मारोतराव बायकोजवळ उखडले. "अन् आमी का खिशातली चिल्लर हावो? माह्या घरचा एक घोट चहा पेला नाही थो आजवर."

"अवो, जेवा ना आधी," भागीरथाबाई म्हणाल्या. त्यांना हे प्रवचन पाठ होतं.

ताट तसंच सारून मारोतराव तणतणत बाहेर पडले. राग होता, पण पत्रकं वाटायची होती. मागे भागीरथाबाईंचं लक्ष छपरावरच्या झेंड्याकडे गेलं. गावच्या खाणीतल्या कोळशाच्या धुळीनं तो इतका काळवंडला होता की कोणत्या पक्षाचा, हे सांगणं कठीण होतं. नवऱ्याचा सारा जीव त्या झेंड्यात, म्हणून त्यांनी तो उतरवला आणि सोड्यात भिजत घातला.

छपरावर नुसती काठी दिसली आणि गावाला काम मिळालं. पानठेल्यावर बातमी पोचली की मारोतराव फुटले. दुपारी विरोधी पक्षाची माणसं शाल-नारळ घरी ठेवून गेली. इकडे मारोतराव पत्रकं वाटत होते, तर लोक गालातल्या गालात हसत होते. वामनरावांनी तर रस्त्यात गाठून त्यांचा हात हातात घेतला.

"बेस केलं मारोतराव. आता पाहा, कशी इज्जत भेटते."

काही न उमगून ते घरी परतले, तर दारात गाडी उभी. आत पलंगावर सदाशिवराव, समोर चहाचा कप आणि शेजारी ते शाल-नारळ.

"मारोतराव, काय चुकलं आमचं?" सदाशिवरावांचा आवाज लोण्यासारखा झाला होता. "झेंडा उतरवला म्हणे तुम्ही."

मारोतरावांनी बाहेर डोकावून काठी पाहिली आणि लोकांच्या हसण्याचं कारण त्यांच्या ध्यानात आलं. मी नाही उतरवला, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण आत साचलेलं आधी बाहेर पडलं. "घरच्याईले उपाशी ठेवून पाहुण्याले पुरणपोळी वाढता तुमी. उन्हातान्हात आमी फिराव, अन् आमालेच कोणी इचारू नाही. काहून?"

"चुकलंच," म्हणत सदाशिवरावांनी मान खाली घातली, कप उचलला आणि एक घोट घेतला. मारोतरावांचा ऊर भरून आला.

तेवढ्यात भागीरथाबाई परसातून स्वच्छ झेंडा घेऊन आल्या. "पाहा, कसा निंगाला. काळाठिक्कर झालता, म्हणून धुतला. लावू ना आता?"

सदाशिवरावांनी झेंड्याकडे पाहिलं, मग मारोतरावांकडे. चेहऱ्यावरची काळजी झटकन उतरली.

"म्हणजे तुम्ही आपलेच," ते हसून म्हणाले आणि उरलेला चहा तसाच ठेवून उठले. गाडी वामनरावांच्या गल्लीत वळली.

मारोतराव तो उरलेल्या चहाचा कप घेऊन बाहेर आले. भागीरथाबाई झेंडा घेऊन शिडीपाशी पोचल्या होत्या.

"थांब वं," ते म्हणाले. "डाग राह्यले त्याले. पुन्हा भिजत घाल."