बापूसाहेबांचा सॅम्पल फॉर्म

"नीटमध्ये एवढं घाबरण्यासारखं आहे तरी काय? एकशे ऐंशी प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. बरोबर उत्तर समोरच छापलेलं असतं, फक्त उचलायचं!"

हे उद्गार बापूसाहेब टेंभेकरांनी दुसऱ्यांदा भात वाढून घेताना काढले. समोर बसलेली नात अवंतिका दोन वर्षांपासून त्या एकशे ऐंशी प्रश्नांपायी वाळून चालली होती. तिनं वरणात चमचा फिरवला आणि आईकडे पाहिलं. आईनं, म्हणजे सूनबाई वसुधानं, छताकडे पाहिलं.

बापूसाहेबांनी एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यातली चौतीस वर्षं रांझीच्या कारखान्यात, तपासणी खात्यात काढली होती. हजार नगांमधला एक वाकडा नग आपण दारातूनच ओळखायचो, असं ते सांगत, आणि खोटं म्हणायला त्या वेळचं कोणी आता उरलं नव्हतं. निवृत्तीनंतर तपासायला काही नसल्यामुळे ते मदन महल भागातल्या घरातली गवार, इस्त्रीचे कपडे आणि पेपरातलं शब्दकोडं तपासत. अशात नात बारावीला आली, तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि बापूसाहेबांना पुन्हा खातं मिळालं!

परीक्षेचं माहितीपत्रक त्यांनी लाल पेन्सिलीनं दोनदा वाचून काढलं. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा, सोडून दिलं तर शून्य, हे त्यांनी कामवाल्या बाईंनासुद्धा समजावून सांगितलं. अवंतिकेचं वेळापत्रक त्यांनीच आखलं. दर दोन तासांनी ते तिच्या दारात उभे राहून विचारत, "किती झालं?" पोरगी "होऊन राहिलं" म्हणे आणि दार लोटून घेई.

फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, मी भरते ना. वर्गातले सगळे आपापला भरून राहिले."

"एक अक्षर चुकलं तर वर्ष गेलं तुझं! आमच्याकडे माल असा थेट निघत नव्हता. आधी सॅम्पल, मग लॉट."

सॅम्पलसाठी उमेदवार हवा. दुसऱ्या कोणाच्या नावानं भरणं म्हणजे लबाडी, म्हणून बापूसाहेबांनी स्वतःचंच नाव, स्वतःचा आधार नंबर आणि आपली जुनी बी.एस्सी.ची पदवी टाकली. प्राणिशास्त्र होतंच, आणि वयाला वरची मर्यादा नव्हती. फोटोत दोन्ही कान दिसायला हवे होते. ते दिसले. दहा बोटांचे ठसे हवे होते. ते कागदावर उठले, आणि दिवाणखान्याच्या पडद्यावरही उठले. सॅम्पल अर्धवट सोडणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, त्यामुळे त्यांनी फीसुद्धा भरली. "अभिनंदन, आपला अर्ज स्वीकारला" असा मेसेज आला तेव्हा कुठे त्यांनी 'रद्द करा' असं बटण शोधायला सुरुवात केली. ते बटणच नव्हतं! बापूसाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा शोधलं, मग ही गोष्ट पोटातच ठेवली. अवंतिकेचा फॉर्म मात्र त्यांनी असा भरला की त्यात काना-मात्रेची चूक सापडू नये.

एप्रिल संपता संपता, शालिग्रामजी चहाला आलेले असताना, बापूसाहेबांचा फोन वाजला. शालिग्रामजी म्हणजे कारखान्यातले जुने सोबती, मूळचे सिहोऱ्याचे, हिंदीभाषक. यांच्या कानावर घातलेली गोष्ट गल्लीत पोचायला चहा निवेपर्यंतचा वेळ लागत असे.

"प्रवेशपत्र आलं!" बापूसाहेबांनी मेसेज वाचून हाक दिली. वसुधा धावत आली, तिनं फोन उघडला आणि किंचाळली. "बाबा! यावर तुमचा फोटो आहे!"

"काय?" अवंतिका पांढरी पडली.

"पोरीच्या फॉर्मवर तुम्ही आपला फोटो लावला! गेलं तिचं वर्ष!" वसुधानं तिथंच बैठक मारली.

"अरे बहू को पानी दो कोई!" शालिग्रामजी ओरडले आणि घाबरून समोरचं पाणी स्वतःच प्यायले.

अवंतिकेनं फोन घेऊन नाव वाचलं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला, आणि त्यामागून एक फार वाईट हसू आलं. "आई, रडू नको. माझं वेगळं आलं असेल. हे आजोबांचं आहे. आजोबा परीक्षेला बसून राहिले!"

आता खरं सांगायचं म्हणजे तपासणी खात्यातला माणूस चुकला असं सांगायचं. तेही शालिग्रामजींसमोर! बापूसाहेबांनी मान ताठ केली. "हो! मुद्दाम भरला. तुम्हा पोरांना दाखवायला. चारशे तर कोणीही आणेल."

"आणि नाही आले तर?" अवंतिकेनं लगेच पकडलं.

"तर तुझ्या अभ्यासात मी पुन्हा तोंड घालणार नाही."

"आणि आले तर?"

"तर पुढे डॉक्टर होईपर्यंत सगळं माझ्या वेळापत्रकानं. पहाटे चारपासून!"

"साढ़े पाँच साल?" अवंतिकेनं बोटांवर मोजलं.

"मैं गवाह हूँ!" शालिग्रामजी उभे राहून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेलेल्या बापूसाहेबांना तिघांनी "डॉक्टर साहब, नमस्ते" केलं. भाजीवाल्यानं गुडघा उघडा करून दाखवला. समोरच्या विनताबाई तर जुने रिपोर्ट पिशवीत घालूनच आल्या. माघार घ्यायला आता वाटच राहिली नव्हती. नातीचं पुस्तक मागायला बापूसाहेब तिच्या दाराशी गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते दार वाजवलं.

"हे काय? अमीबा प्राण्यांत काहून नाही?"

"तो आता प्राणी नाही धरत, आजोबा. प्रोटिस्टा म्हणून वेगळी सृष्टी आहे."

"काहून? त्यानं काय केलं?"

"काही नाही केलं. तुम्ही पास झाल्यावर त्याची बदली झाली."

बापूसाहेबांना अमीबाबद्दल मनापासून वाईट वाटलं. दोन तासांनी अवंतिकेनं दारातून डोकं आत घातलं आणि गोड आवाजात विचारलं, "किती झालं?" बापूसाहेबांनी दार लोटून घेतलं.

मेमधला तो रविवार भट्टीसारखा तापला होता. अवंतिकेचं केंद्र एकीकडे, बापूसाहेबांचं रांझीकडे. वसुधा लेकीबरोबर गेली. बापूसाहेबांना शालिग्रामजींनी स्कूटरवरून नेलं.

"दादाजी, पेरेंट्स उधर छाँव में बैठें," फाटकावरचा शिपाई म्हणाला.

"भैया, परीक्षा हमारी है."

शिपायानं प्रवेशपत्र पाहिलं, बापूसाहेबांना पाहिलं, पुन्हा प्रवेशपत्र पाहिलं आणि मुकाट्यानं बाजूला झाला. अर्ध्या बाह्यांचा सदरा, नाडीचा पायजमा, पायात चप्पल. नियमांत तसूभरही चूक नव्हती. तरी धातू शोधणारी काठी त्यांच्या तोंडाजवळ कोकललीच! बापूसाहेबांनी शांतपणे कवळी काढून, तिच्यातली तार दाखवत, तपासणाऱ्या तरुणापुढे धरली.

"नहीं नहीं, पहन लीजिए! जाइए आप!"

पहिला अर्धा तास बापूसाहेबांनी प्रश्नपत्रिकेची छपाई तपासली. तिच्यात काही दोष नव्हता. मग प्रश्न वाचायला घेतले, आणि दोष कुठं आहे ते त्यांच्या लक्षात यायला लागलं. भौतिकशास्त्राचा पहिला प्रश्न त्यांनी चारदा वाचला. चारही पर्याय सारखेच सज्जन दिसत होते. बरोबर उत्तर समोरच छापलेलं होतं हे खरं, पण ते ओळख देत नव्हतं.

शेजारच्या बाकावर अवंतिकेच्या वयाची एक मुलगी ओठ चावत एकामागून एक गोल काळे करत होती. तिच्या बोटांना घाम सुटला होता, आणि दर थोड्या वेळानं ती बोटं ओढणीला पुसत होती. बापूसाहेब तिच्याकडे बघत राहिले आणि त्यांना लाज वाटली. अगदी मनापासून लाज वाटली. हे असं आपली पोरगी दोन वर्षं करते आहे, आणि आपण दारात उभे राहून "किती झालं?" विचारत होतो!

पण चारशेची पैज अजून उभी होती, आणि फाटकाबाहेर शालिग्रामजीही उभे होते. शेवटच्या वीस मिनिटांत बापूसाहेबांनी अंदाजानं दिसेल तो गोल भरला.

संध्याकाळी अवंतिका घरी येऊन सोफ्यावर कोसळली. बापूसाहेबांनी तिच्या हातात कैरीच्या पन्ह्याचा पेला दिला आणि शेजारी बसले. ती वाट बघत होती.

"आजोबा, कसा गेला ते विचारत काहून नाही?"

"नको बाई. तू पन्हं पी."

जूनमध्ये निकाल लागला. अवंतिकेला पाचशे बावन्न! वसुधा तिला मिठी मारून रडायलाच लागली. मग अवंतिकेनं आजोबांचा निकाल उघडला. बरोबर बारा, चूक एकोणसाठ. एकूण वजा अकरा!

मोठ्यांचा मान राखून घरात कोणी हसलं नाही. हा मान साधारण चार सेकंद टिकला.

बापूसाहेबही हसले. "हरलो बुवा. यापुढे तुझ्या अभ्यासात तोंड घालणार नाही," असं ते म्हणतायत तोच फोन वाजला. शालिग्रामजी होते, आणि त्यांच्या मागे फिरायला येणारी सगळी मंडळी कान देऊन उभी असल्याचं स्पष्ट ऐकू येत होतं.

"टेंभेकर साहब! कितने आए?"

बापूसाहेबांनी चौतीस वर्षांत तपासणीच्या कागदावर एकदाही खोटा आकडा लिहिला नव्हता. त्यांनी घसा साफ केला.

"शालिग्रामजी, हमारे घर के मिलाकर पाँच सौ इकतालीस!"

"वाह! क्या बात है!" पलीकडे टाळ्या पडल्या.

"आजोबा!" अवंतिका फोनपाशी येऊन ओरडली. "माझ्या एकटीचेच पाचशे बावन्न आहेत!"