सोवनीची टाळी

सोवनी कुठंही शिरला की आधी टाळी वाजवतो. एकच, पण खणखणीत. मग मान तिरकी करून उभा राहतो. विहिरीत खडा टाकून पाणी किती खोल आहे ते ऐकणारा माणूस बघितलाय ना? तसा.

लिफ्टमध्ये वाजवतो. इथं सिंगापुरात पाया लेबारच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यावरून उतरताना वाजवतो. पुढची चार माणसं दचकून मागं बघतात, पण सोवनी त्यांच्याकडं बघतच नाही. त्याचं लक्ष छताकडं. "जागा कोरडी आहे, आबा," असं तो शेवटी सांगतो आणि पुढं चालायला लागतो. कोरडी म्हणजे आवाज तिथंच मरतो. आवाज घुमून परत आला तर जागा ओली. त्याच्या हिशेबानं सेंगकांगच्या आमच्या ब्लॉकची लिफ्ट कोरडी आणि जिना ओला. आमची बाथरूम त्यानं एकदा ओली ठरवली. सूनबाई म्हणाली, "त्याला टाळी कशाला पाहिजे? मीच सांगितलं असतं."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्याची मला लाज नाही. तरुणपणी शाहिराच्या मागं झीलकरी म्हणून उभा राहिलो, पुढं जन्मभर ट्रक हाकला आणि आता म्हातारपणी पोराकडं सिंगापूरला येऊन बसलोय. आमच्या ब्लॉकच्या तळमजल्याला घरं नाहीत, नुसते खांब आणि मोकळी जागा. इथले लोक त्याला व्हॉइड डेक म्हणतात. तिथल्या बाकावर माझी बैठक. एका सकाळी हा उंच, वाकलेला, चाळिशीचा माणूस आला आणि खांबाजवळ उभा राहून त्यानं टाळी हाणली.

मी मराठीतच म्हणालो, "केवढा होता डास?"

तो वळला. पुण्याचा निघाला. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये खोली भाड्यानं घेऊन राहत होता.

"मी डॉक्टर सोवनी. युनिव्हर्सिटीत असतो."

"गुडघ्याचं बघता का?"

"नाही हो. मी जुन्या गाण्यांचा डॉक्टर. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या, युरोपातल्या."

"आजारी आहेत?"

"गेलीत, आबा. मी गेलेल्यांचा डॉक्टर."

असलं उत्तर देणारा माणूस मला आवडतो. पण मी तसं दाखवलं नाही.

त्याच व्हॉइड डेकमध्ये एकदा एका चिनी कुटुंबात मयत झालं होतं. मांडव घातला होता. सोवनी कामावरून आला आणि सवयीनं कडेला उभा राहून टाळी वाजवून बसला. एक म्हातारी उठून आली आणि इथल्या इंग्रजीत म्हणाली, "मिस्टर, पीपल डाय ऑलरेडी. व्हाय यू क्लॅप, लाह?" सोवनीचा चेहरा उतरला. त्यानं हात जोडले. मग मुकाट्यानं त्यांच्यात बसून मेलेल्या माणसासाठी जाळायच्या कागदांच्या घड्या घालत राहिला, सगळे उठेपर्यंत. ती म्हातारी अजून तो दिसला की त्याला सोयाबीनचं दूध घेऊन देते.

त्याची खोली म्हणजे अडगळ. तिथं एक वाद्य आहे. पेटीला दांडा, तो उसाच्या चरकासारखा फिरवायचा. आत चाक फिरतं आणि तारांना घासतं. एका तारेवर चाल वाजते, बाकीच्या तारा एकच सूर धरून ओरडत राहतात. भुकेलं रेडकू परवडलं. हे वाद्य घेऊन तिकडचे गाणारे गावोगाव फिरायचे म्हणे. सरदाराच्या घरी उतरायचं आणि सरदाराच्याच बायकोवर प्रेमाची गाणी म्हणायची.

"आणि सरदार ऐकून घ्यायचा?"

"बिदागी द्यायचा."

"आमच्याकडं पाटलानं गावाबाहेर घालवला असता."

"तिकडंही कधी कधी घालवायचे," सोवनी गंभीरपणे म्हणाला.

तो हसत नाही. ही सगळी माहिती तो सुतकात असल्यासारखी सांगतो. शेगडीवर चहा उतू जात असतो आणि हा म्हणतो, "थांबेल, आबा. हे गाणं आठशे वर्षं थांबलंय, चहा दोन मिनिटं थांबेल." चहा थांबत नाही. लिफ्टसाठी, बससाठी, लग्नासाठीही त्याचं हेच वाक्य. लग्न राहूनच गेलं.

पण त्याचा खरा जीव मठातल्या गाण्यात. तिकडचे साधू दिवसभर ठरल्या वेळांना जमून गायचे. पेटी नाही, तबला नाही, ताल नाही. सगळ्यांचा मिळून एक आवाज आणि दगडी भिंतींनी परत दिलेला त्याचा घुमारा. मी विचारलं, "तू बाटलास की काय?" तर म्हणाला, "नाही, मी फक्त दाराशी उभा राहून ऐकतो."

त्यानं मला त्या गाण्यांच्या एका फार जुन्या पोथीचं चित्र दाखवलं. शब्दांच्या डोक्यावर मुंग्या चालल्यासारख्या खुणा. आवाज वर न्यायचा की खाली, एवढंच त्यावरून कळतं. किती वर आणि किती खाली, ते कळत नाही.

"मग लिहिलं कशाला?"

"ज्याला येतं त्याला आठवण द्यायला. शिकवायला माणूसच लागायचा. पुढं एका साधूनं रेघा आखून सूर लिहायची युक्ती काढली. मग पोरं झटपट शिकायला लागली. जुने गाणारे फार कुरकुरले असणार."

"बरोबर होतं त्यांचं," मी म्हणालो. यावर आमचं अर्धा तास भांडण झालं. मी हरलो नाही.

संध्याकाळी सात वाजले की मात्र सोवनी कुणाचा नसतो. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, समोर गरम नूडल्स असल्या तरी ताट सोडून उठतो आणि कानात फोनच्या वायरी घालून कुठल्यातरी जिन्यात जाऊन गातो. मला वाटायचं, साधूंची वेळ पाळतोय. मी एकदा मागून जाऊन खालच्या पायरीवर बसलो. काय गायला! शब्द कळला नाही एक. पण सूर असा चढत गेला, जसा देवळातल्या उदबत्तीचा धूर. आणि एका जागी कट्कन थांबला.

दुसऱ्या दिवशीही त्याच जागी. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी तेच. मला जेवण घशात अडकल्यासारखं व्हायला लागलं.

एका रविवारी तो मला ईस्ट कोस्टला घेऊन गेला. तिथं मोठ्या रस्त्याच्या पोटातून समुद्राकडं जायला चालायचा बोगदा आहे. डोक्यावरून मोटारी जातात, बोगद्यातून पोरं सायकली काढतात. सोवनीनं टाळी वाजवली. ती टाळी समुद्रापर्यंत जाऊन परत आली.

"ही ओलीचिंब," तो म्हणाला. एवढा आनंदी मी त्याला तेव्हाच बघितला.

मी विचारलंच. "सोवनी, तुझं ते गाणं पुढं का जात नाही?"

"ते दोघांचं आहे, आबा. एकानं खाली एकच सूर धरून उभं राहायचं, दुसऱ्यानं त्याच्यावर फिरायचं. खालचा सूर तुटला की वरच्यानं थांबायचं. मला ते एकदा शेवटपर्यंत न्यायचंय. खालचा सूर हल्ली पुरत नाही."

"अरे, मग मी काय मेलोय?" मी छाती पुढं काढली. "झीलकरी आहे मी! मी आणि दौलू, दोघं मागं उभे राहायचो. शाहिरानं कडवं टाकलं की आम्ही सूर उचलायचा. दोघांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, हा आमचा नेम. माझा दम संपायच्या आत दौलूनं धरायचं, त्याचा संपायच्या आत मी. सांधा कुठंय ते शाहिरालासुद्धा सापडलं नाही कधी."

सोवनीनं बाजूला होऊन एका सायकलीला वाट दिली. मग म्हणाला, "नको, आबा. ती जागा रिकामी नाही."

माणसानं आपणहून हात पुढं करावा आणि समोरच्यानं तो झिडकारावा, हे मला खपत नाही. मी बोलणं टाकलं. बाकावर तो आला की मी उठायचो. त्यानं खोबऱ्याची वडी आणून दिली, मी परत पाठवली. सूनबाई म्हणाली, "आबा, एका हातानं टाळी वाजत नाही. तुम्हीच काहीतरी बोलला असाल." नात म्हणाली, "से सॉरी लाह, आबा." मी म्हणालो, दोघींनी आपापलं काम बघा.

एका शनिवारी दाराची बेल वाजली. सोवनी. टाळी न वाजवता आत आला, तेव्हाच मी समजलो की काहीतरी बिनसलंय.

"आबा, खालचा सूर माझी आई धरते."

मी त्याला बसायला सांगितलं.

आई पुण्याला, त्याच्या बहिणीकडं. वर्षापूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, नजरही गेल्यासारखीच. बाईच्या सगळ्या औषधपाण्याचा भार याच्या पगारावर, म्हणून नोकरी सोडून जाता येत नाही. फोन करावा तर ती बोलू शकत नाही आणि चेहरा दाखवावा तर तिला दिसत नाही. एकदा हा फोनवर नुसतं गुणगुणत होता, तर पलीकडून सूर आला. शब्द गेले होते, सूर शाबूत होता.

"फोनवर दोघांनी मिळून कुठलंच गाणं होत नाही, आबा. एकाचा आवाज मागं पडतो. पण एकच सूर लांब धरून ठेवला, तर तो मागं पडला काय आणि पुढं गेला काय? आठशे वर्षांपूर्वीचं हे एवढंच गाणं आम्हा दोघांना जमतं. इथं सात वाजतात तेव्हा तिकडं तिच्या चहाची वेळ."

"आणि टाळी?"

"तिला कळावं, आज मी कुठं आहे. मी टाळ्या खिशातल्या फोनमध्ये भरून ठेवतो आणि संध्याकाळी ऐकवतो. लहान जागा, मोठी जागा. तिनं सिंगापूर असंच बघितलंय."

मग तो खाली बघत म्हणाला, "हल्ली तिचा श्वास अर्ध्यातच संपतो. मी तुमच्यासमोर हात पसरायला आलोय. तिची जागा घेऊ नका, आबा. तिच्या शेजारी उभे राहा. दौलूच्या शेजारी राहायचात तसे."

मी चपला घातल्या.

त्याच संध्याकाळी बोगद्यात गेलो. सायकलींची गर्दी ओसरली होती. सोवनीनं फोन भिंतीच्या कडेला ठेवला आणि टाळी वाजवली. "आई, ही सगळ्यात मोठी जागा. आणि बरोबर आबा आहेत. झीलकरी आहेत."

पलीकडं काही क्षण नुसती घरघर होती. मग सूर आला. बारीक, थरथरता, पण जिथं ठेवला तिथं राहिला. सोवनीनं वरून गाणं सुरू केलं. मी त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. मी त्या बाईचा श्वास ऐकत होतो. तो विरायला लागला तसा मी खालून सूर उचलला. ती गप्प झाली. मला वाटलं, रागावली. एवढ्यात तिनं दम घेऊन सूर पुन्हा धरला आणि मी माझा सोडला. असा मी तिचा, तिनं माझा सूर उचलत आम्ही ती अडायची जागा ओलांडली. सोवनीचा आवाज तिथं जरा कापला. मग पुढं गेला, पार शेवटपर्यंत.

तो थांबला. आम्ही दोघं मात्र धरूनच होतो. झीलकरी आधी सोडत नसतो आणि ती बाईही सोडेना. मी जन्मात कुणासाठी आधी सोडला नव्हता. तिच्यासाठी सोडला.

तिचा सूर संपल्यावर सोवनीनं एकच टाळी वाजवली. ती समुद्राकडं गेली आणि परत आली.

मग फोनमधून आवाज आला. ठण्ण. खाटेच्या लोखंडी दांडीवर हात मारल्यासारखा. एकच, पण खणखणीत.

सोवनी मान तिरकी करून कितीतरी वेळ ऐकत उभा राहिला. कोरडी की ओली, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.