भगवानरावांची हरकत

आमचे शेजारी भगवानराव पापड मोजून घेतात. संख्येने नव्हे, व्यासाने. खिशातला टेप काढतात, पापडाला लावतात आणि वाढप्याला सांगतात, "याच्यात अन् त्याच्यात दोन सूत फरक हाय. नोंद घ्या." जाफराबादच्या एका लग्नात वरबापाला वाटलं, सरकारी तपासणीच आली.

आयुष्यभर त्यांनी मोजणी खात्यात शेतांच्या हद्दी मोजल्या. निवृत्त झाले, पण खातं अंगातून गेलं नाही. काही पटलं नाही की म्हणतात, "माझी हरकत!" आमची भिंत सामाईक, म्हणून मी त्यांचा 'लगत कब्जेदार'. एरवी गुरुजी म्हणतात, कारण मी शाळेत शिकवत असे.

त्यांच्या मदरबोर्डाची गोष्ट गावभर मीच केली. ती अर्धीच होती. उरलेली आता सांगतो.

भिंतीतल्या कोनाड्यात बसावा म्हणून त्यांच्या मुलाने, संदीपने, पुण्याहून लहानसा कॉम्प्युटर आणून दिला होता. पुढे तो कॉम्प्युटर थकला. सुरू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा, आणि मध्येच बंद पडायचा. मदरबोर्ड बदलायचं ठरलं. पेटी एवढीशी, त्यामुळे बोर्डही सतरा सेंटिमीटर चौरसाचाच हवा. भगवानरावांनी पुठ्ठ्याचा चौकोन कापला, चार स्क्रूंची भोकं पाडली, त्याला 'नकाशा' म्हटलं आणि शेताच्या मोजणीआधी देतात तशी मला लेखी नोटीस दिली : रविवारी सकाळी दहा वाजता पंच म्हणून समक्ष हजर राहावे.

रविवारी दहाला संदीपचा फोन यायचा.

"बाबा, मागच्या आठवड्यात सांगितला तो बोर्ड बघितला का?"

"पाह्यला. जालन्याला गेल्तो. चौथं भोक केसभर सरकतं. हरकत हाय."

"अहो, जगभर एकच माप असतं त्याचं!"

"जगाची मोजणी कोनी केली? पंच कोन होते?"

पुढच्या रविवारी दुसरा बोर्ड. तो मापात बसायचा, पण पंखा आडवा यायचा. तिसऱ्याला प्रिंटरची वायर लावायचं तोंड भलत्या बाजूला. संदीप बिचारा अर्धा अर्धा तास समजावायचा. तेवढ्यात जुना कॉम्प्युटर बंद पडला तर पुण्याहूनच, "मागचं बटण दाबून धरा, बाबा." इकडून, "दाबून राह्यलो. तू फोन ठेवू नको."

असं वर्ष गेलं. मी पारावर सांगायचो, "यांनी सून पसंत करायला घेतली असती तर पोरगा बिनलग्नाचा राहिला असता!" लोक हसायचे, मग मी अजून रंगवून सांगायचो.

एकदा भगवानराव चार दिवस बहिणीकडे धावड्याला गेले. किल्ली माझ्याकडे होती. मला डोळे दाखवायला जालन्याला जायचंच होतं. जाताना तो पुठ्ठा उचलला. दुकानात बोर्डावर ठेवला, चारही भोकं बरोबर जुळली. एका मिनिटात निवड झाली. दुसऱ्या दिवशी इथल्या कारागिराकडून तो बसवूनही घेतला. शेजारधर्म होताच, पण खरं सांगायचं तर पारावर सांगायला शेवटही मिळत होता.

भगवानराव आले. बटण दाबलं. खुर्चीत बसायच्या आत पडदा उजळला. त्यांनी पेटी उघडून टेप लावला, आडवा, मग उभा. टेप खिशात ठेवला.

"हरकत न्हाई, गुरुजी," एवढंच म्हणाले. त्यांना भरून आलंय असं मला वाटलं.

रविवारी संदीपचा फोन आला. "गुरुजींनी बसवला? वा! चला बाबा, आता काही काळजीच नाही." दोन मिनिटांत संपला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग एकदम दिवाळीला फोन आला.

मला समजायला तेवढा वेळ लागला. संदीप वाईट मुलगा नाही. वडिलांची अडचण असली की तो हातातलं काम टाकून बोलायचा. पण त्या दोघांना बोलायला दुसरा विषयच नव्हता, आणि होता तो मी मिटवला.

माफी मागावी म्हणून एका रविवारी दहाच्या सुमारास गेलो. भगवानराव इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसले होते. फोन शेजारी. माफी राहिली बाजूला, मी विचारलं, "चालतोय ना व्यवस्थित?"

"बिलकुल," पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "एकदाबी बंद पडला न्हाई."