रावसाहेबांना वीस मिनिटं

"चार दिवस! एक मासा! त्यात काय मोठंसं?" जावईबापू सासऱ्यांना म्हणाले, आणि वर छातीही फुगवली!

मासा म्हणजे रावसाहेब. वीतभर लांब, मिशाळ, सदा तोंड वाकडं. सासूबाई गेल्यापासून सासरे सकाळचा चहा त्याच्यासमोर बसूनच प्यायचे. धाकट्या भावाकडे जाताना त्यांनी फिशटँक लेकीकडे आणून ठेवला. सूचना मात्र सगळ्या जावयाला दिल्या. एकेक तीनतीनदा!

दुसऱ्याच दिवशी टँकमधल्या ओंडक्यावर बुरशी! पांढरी, लिबलिबीत, कुणी उशी फोडून चिकटवावी तशी. आणि रावसाहेब ती चवीने चाटताहेत! जावईबापूंनी मासेवाल्या दुकानदाराला फोन लावला.

"ओंडक्यावर बुरशी आलीय हो, आणि मासा त्यालाच तोंड लावतोय!"

"घाबरू नका. आधी त्याला बाहेर काढा."

"बरं. मग?"

"मोठ्या पातेल्यात उकळायचा. वीस मिनिटं."

"उकळायचा?!"

"मीठ टाकून. गार झाला की परत सोडा पाण्यात. ताजातवाना!"

गोष्ट इथे जरा थांबते, कारण व्याकरण मध्ये आलंय. मराठीत ओंडका 'तो' आणि मासाही 'तो'. पातेलं गॅसवर चढायच्या आधीच भाषेने दोघांना त्यात बसवलं होतं!

चला पुढे.

दारात बायको उभी. तिला एवढंच ऐकू आलं: "म्हणजे रावसाहेबांना उकळू? मीठ किती घालू?" ती आपला मोबाइल घेऊन बाबांना फोन लावायला जी पळाली ती थेट फाटकापाशी! त्यामुळे पुढचं तिने ऐकलंच नाही.

"पण दुखेल ना हो त्याला?"

"लाकडाला काय दुखणार, साहेब!"

जावईबापूंचा जीव भांड्यात पडला. रावसाहेब बादलीत पडले, बादली न्हाणीघरात गेली आणि ओंडका पातेल्यात.

तासाभरात सासरे हजर! घामाघूम, एका पायात चप्पल. मागे रडवेली लेक. समोर रिकामा टँक. गॅसवर पातेलं रटरटतंय, शेजारी मिठाचा डबा.

"या बाबा! झालाच आहे," जावईबापू उत्साहात म्हणाले. "पाच मिनिटं. गार झाला की दाखवतो."

सासरे चपलांच्या कपाटावरच बसले.

"फार... फार त्रास झाला का हो त्याला?"

"छे! त्याला कसला त्रास? मावत मात्र नव्हता. मग मागून चार बोटं कापला. करवतीने."

"करवतीने!!" बायको किंचाळली. सासऱ्यांचे डोळे फिरले. "पाणी! पाणी!" ती न्हाणीघरात धावली, बादलीत मग बुचकळला आणि बाबांच्या तोंडापुढे धरला.

मगातून मिशा वर आल्या. वाकडं तोंड. सासरे त्याच्याकडे बघतायत, तो सासऱ्यांकडे!

"अरे... अरे माझ्या राजा!" सासरे गदगदून म्हणाले. डोळे पुसले. मग सावकाश उठले आणि पातेल्यावरचं झाकण उचलून आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

दुसऱ्या दिवशी सासरे पुन्हा भावाकडे निघाले. या वेळी हातात झाकणाची बादली, झाकणाला भोकं.

"आणि मी कशाकडे लक्ष देऊ?" जावईबापूंनी पडेल आवाजात विचारलं.

सासऱ्यांनी टँककडे बोट दाखवलं. तिथे ओंडका एकटाच होता.

त्याला आज तिसरा दिवस. जावईबापू त्याचं पाणी वेळेवर बदलतात. तो अगदी सुखरूप आहे. तो म्हणजे ओंडका!