स्पॅनिशभाषिक सभासदांची सोय

वाचनालयाचे मयत सभासद दर मंगळवारी चार वाजता पेपर चाळायला येत, आणि फक्त स्पॅनिश बोलत. गावाला त्याची सवय झाली होती. आपापल्या जागी बसत, सहाला उठून जात, कुणाला उपद्रव म्हणून नाही.

शकूताई बिवलकरांना मात्र चैन नव्हतं. त्यांचे यजमान दामूअण्णा पौषात गेले. इस्पितळात शेवटच्या क्षणी काहीतरी सांगायला ओठ हलवले, ते राहूनच गेलं. आता दर मंगळवारी खिडकीजवळच्या खुर्चीतून ते ताईंकडे बघून एकच लांबलचक वाक्य म्हणत. ताई "हो, हो" करत, आणि घरी मेथी निवडताना तेच पुटपुटत. वाक्य पाठ झालं, पण अर्थ लागेना.

शेवटी त्यांनी सूचनावहीत लिहिलं, 'स्पॅनिशभाषिक सभासदांच्या सोयीकडे लक्ष द्यावे.'

"दिलं बरं का लक्ष," ग्रंथपाल टिकेकर पुढच्या मंगळवारी म्हणाले. "कार्यकारिणीनं एकमतानं ठराव केला. पहिली सोय आजपासून."

भिंतीवर नवी पाटी होती. 'शांतता राखा', स्पॅनिशमध्ये.

सभासद जुने, शिस्तीचे. सगळ्यांनी पाटी वाचली आणि गप्प झाले. दामूअण्णासुद्धा.

"अहो टिकेकर, काय केलंत हे! माणूस जाऊनसुद्धा बोलत होता, तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत!"

"ताई, नियम सगळ्यांना सारखा. हयात असो, नसो."

"मग काढा ती पाटी."

"ठराव झालाय. आता वार्षिक सभेतच. अर्ज देऊन ठेवा."

ताईंनी अर्ज दिला. तीन मंगळवार त्या अण्णांच्या समोर बसून राहिल्या. अण्णा मधेच वर बघत, ओठ उघडत, पाटीकडे नजर गेली की मिटत. अगदी इस्पितळातल्यासारखे.

चौथ्या मंगळवारी ताईंना ते बघवेना. खुर्ची सरकवून त्या जवळ बसल्या आणि ते वाक्य त्यांनीच म्हटलं. कुजबुजत नाही, चांगलं दारापर्यंत ऐकू जाईल असं, एकही शब्द न गाळता.

टिकेकरांचा हात टेबलावरच्या घंटीकडे गेला, तो तिथंच थांबला.

अण्णांनी पेपर खाली ठेवला. चष्मा काढून डोळे पुसले. मग पाटीकडे पाठ करून एक छोटं, अगदी नवं वाक्य बोलले.

"पुन्हा म्हणा," ताई म्हणाल्या. "पाठ करायचंय मला."

अण्णांनी पुन्हा म्हटलं.